आठ व्याख्यानांना कोणाची परवानगी लागते?

प्रति,
उच्च शिक्षणाचे आणि कायदेशिक्षणाचे नियम करणारे, प्रस्ताव तपासणारे आणि परदेशी विद्यापीठांशी करारांवर सह्या करणारे सर्व मान्यवर यांस,

सविनय नमस्कार.

चौदा महिने वाट पाहिल्यावर मला दोन ओळींचं पत्र आलं. ‘सदर संस्था विहित निकषांत बसत नसल्याने आपला प्रस्ताव विचारात घेता येत नाही.’ खाली सही, सहीवर शिक्का, शिक्क्याची शाई अर्धीच उमटलेली. पत्र कुठल्या कार्यालयाचं ते इथे लिहीत नाही. त्या टेबलावरच्या माणसाने हाताशी असलेला नियम लावला आणि फाइल बंद केली. त्याच्याशी माझं भांडण नाही. नियम असा लावता येतो हे ज्यांनी इतकी वर्षं चालू दिलं, त्यांच्याशी आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि चार लोकांना वाचता यावं म्हणून उघड्यावर.

आधी मी कोण ते सांगते. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी एकवीस वर्षं मी फौजदारी कायदा शिकवते. त्याआधी सहा वर्षं इथल्याच कोर्टात वकिली केली. आमचं सकाळचं कॉलेज आहे. साडेसातला पहिला तास, साडेदहाला मुलं कोणी कोर्टात, कोणी दुकानात, कोणी शेतात, कोणी पोलीस ठाण्यात. हो, पोलीस ठाण्यातसुद्धा. दर वर्षी दोन-तीन हवालदार एलएल.बी.ला असतात, आणि पंचनाम्याचा धडा आला की ते मला शिकवतात.

आता प्रस्ताव. युरोपातल्या एका विद्यापीठातले दोन प्राध्यापक आमच्या मुलांना डिजिटल पुरावा आणि फौजदारी कायदा या विषयावर आठ व्याख्यानं द्यायला तयार झाले होते. ऑनलाइन, दर बुधवारी, विनामूल्य. त्यांचे विद्यार्थी तिकडून, आमचे इकडून, आणि मध्ये एकच काल्पनिक केस: मोबाईल जप्त झाला, त्यातले चॅट काढले, पण मूळ संदेश तिसऱ्याच देशातल्या सर्व्हरवर आहेत. तुमचा कायदा काय म्हणतो, आमचा काय म्हणतो, आरोपीचा वकील कुठे बोट ठेवेल. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही, फी नाही. खर्च म्हणाल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीचा, कारण बुधवारी दुरुस्तीच्या नावाखाली आमच्याकडे लाईट जाते.

हे प्राध्यापक मला कुठे भेटले? २०१९ च्या उन्हाळ्यात भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन मी तीन आठवडे जर्मनीत फ्रायबुर्गला जाऊन राहिले होते. घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. त्या गावात मॅक्स प्लांकची दंडकायद्यावर संशोधन करणारी संस्था आहे, आणि तिचं ग्रंथालय या विषयासाठी जगभर नावाजलेलं आहे. जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येऊन बसतात. दुपारच्या जेवणाला आमच्या टेबलावर एक पोलिश बाई, एक ब्राझीलचे सरकारी वकील, एक इंग्रज संशोधक आणि ज्यांच्याविषयी बोलते आहे ते दोघे. एक दिवस विषय निघाला, की कॉम्प्युटरमधून निघालेल्या कागदावर कोर्टाने विश्वास कधी ठेवायचा. मी त्यांना आमच्या शेजारच्या जालन्याची गोष्ट सांगितली.

२०१४ ची विधानसभा निवडणूक. जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पडलेले उमेदवार कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले. म्हणणं असं, की विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनची वेळ उलटल्यावर दाखल झाला. याला साक्षीदार होता निवडणूक कार्यालयातला कॅमेरा. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, पण जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे लागणारं, ही नक्कल कुठल्या यंत्रातून कशी निघाली ते सांगणारं प्रमाणपत्र अधिकारी पुन्हा पुन्हा मागूनही देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली ती अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतून निघालेली माहिती पुरेशी धरून. पुढे, मी फ्रायबुर्गहून परत आल्यावर, १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात देशभराचा कायदा ठरवला. प्रमाणपत्र हवंच. मात्र माणसाने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि तरी समोरच्याने दिलं नाही, तर त्याचं खापर त्याच्यावर फोडायचं नाही.

मी ही गोष्ट संपवली आणि इंग्रज संशोधक हसायला लागला. म्हणाला, ‘हे कलम तुम्ही आमच्याकडूनच उचललंय, आणि आम्ही ते केव्हाच फेकून दिलं.’ खरंच आहे ते. आपलं ६५ब हे २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर पुरावा कायद्यात आलं, आणि त्याचा साचा होता इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातलं पाचवं कलम. इंग्लंडने ते १९९५ मध्येच रद्द केलेलं. म्हणजे आपण घेतलं तेव्हा ते मूळ घरातून बाहेर पडून पाच वर्षं झाली होती. फौजदारी खटल्यांतही तिथे अशीच एक अट होती: संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. तीही १९९९ च्या कायद्याने गेली, आणि उलट गृहीत धरलं जाऊ लागलं, की संगणक नीटच चालत असतो, चुकला असं म्हणणाऱ्याने ते दाखवावं.

मग त्याने पोस्टमास्तरांची गोष्ट सांगितली, तेव्हा हसणं थांबलं. १९९९ पासून ब्रिटिश टपाल खात्याने ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. गावोगावच्या छोट्या टपाल कार्यालयांच्या चालकांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. प्रणाली म्हणते पैसे कमी, म्हणजे माणसाने चोरले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. काहींना तुरुंग, काहींचं दिवाळं, काहींनी जीव दिला. त्यांत भारतीय वंशाची माणसं बरीच, कारण अशी पोस्टं तिकडे आपल्या लोकांनी खूप चालवली. त्यातल्या एक बाई गरोदर असताना तुरुंगात गेल्या. दोष प्रणालीत होता. आमच्या त्या गप्पांनंतर, २३ एप्रिल २०२१ ला, लंडनच्या अपील न्यायालयाने एका दिवसात ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून उरलेल्या सरसकट पुसाव्या लागल्या.

मी मुलांना या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून शिकवते. एका देशाने प्रमाणपत्राची अट काढली आणि यंत्राच्या शब्दावर निरपराध लोक आत गेले. दुसऱ्या देशाने अट इतकी घट्ट ठेवली, की कागद नाही म्हणून खरा पुरावाही बाहेर फेकला जाऊ शकतो. मधला रस्ता कुठे आहे? हे पुस्तकात नाही, आणि एका देशात बसून कळणारही नाही. ती आठ व्याख्यानं याचसाठी होती.

यात माझं स्वतःचं काय अडलंय, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांना ‘डिजिटल अटक’ झाली, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून भामट्यांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवलं. असा प्रकार कुठल्याही कायद्यात नाही, हे आता पंतप्रधानांपासून सगळ्यांनी सांगून झालंय. पण सर दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसून राहिले. बायकोला चहासुद्धा खुणेने मागत होते. निवृत्तीचे अठरा लाख गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला तो तिसऱ्या दिवशी, तोवर पैसे पाच-सहा राज्यांतल्या भाड्याच्या खात्यांतून फिरून क्रिप्टोत गेलेले. तपास होता माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे. तिने रात्री फोन केला: ‘मॅडम, लोकेशन कंबोडियाचं निघतंय. तिकडे पत्र कसं पाठवायचं?’

परदेशी न्यायालयाला विनंतीपत्र. हा प्रश्न मी तिला दहा मार्कांना विचारलेला होता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६६क, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ११२. तिला कलम पाठ होतं. मलाही. पण ते पत्र प्रत्यक्षात लिहितात कसं, गृह मंत्रालयामार्फत जाताना कुठे अडकतं, तिकडचा न्यायाधीश त्यात काय शोधतो आणि काय नसलं की परत पाठवतो, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिकवून माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी तो प्रस्ताव लिहायला घेतला.

आता तक्रारी.

पहिली तक्रार नियमाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये परदेशी संस्थांबरोबरच्या सहकार्याचे नियम काढले. जुळे अभ्यासक्रम, संयुक्त पदवी, दुहेरी पदवी अशा तीन गोष्टींसाठी ते आहेत. त्यात अट अशी, की भारतीय संस्थेला नॅकचे, म्हणजे संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेचे, किमान ३.०१ गुण हवेत, किंवा ती राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात हवी, किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ हवी. पदवी वाटायची तर अट असावी, माझी हरकत नाही. पण आम्ही पदवी कुठे मागितली होती? आठ बुधवार मागितले होते. पदवीसाठी बांधलेलं फाटक आता गप्पांच्या ओट्यासमोरही लावलं जातंय. त्यात आणखी गंमत अशी, की नॅकनेच २०२४ च्या सुरुवातीला जाहीर केलं, की गुण आणि श्रेण्या जातील आणि संस्था फक्त ‘मानांकित’ किंवा ‘मानांकित नाही’ अशी असेल. मग ३.०१ ला अर्थ काय उरतो, ते मला कोणी समजावून सांगावं.

दुसरी, भीतीची. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने एक कार्यालयीन आदेश काढला होता. सरकारी मदतीच्या संस्थांनी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर आधी मंजुरी घ्या, आणि देशाची सुरक्षा, सीमा किंवा अंतर्गत बाबींशी निगडित विषय नकोत. देशाच्या विज्ञान अकादमींनी लेखी विरोध केला आणि महिना-सव्वा महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला. कागदावरून गेला, टेबलांवरून गेला नाही. माझ्या फाइलवर एका ठिकाणी पेन्सिलने लिहिलेलं होतं, ‘विषय संवेदनशील, वरून विचारावे.’ विषय काय होता? पेन ड्राइव्हवर हॅश कसा काढायचा.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने तो प्रमाणपत्रात लिहिणं आता नमुन्यातच घातलंय. नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र त्याने भरायचा, भाग ब ‘तज्ज्ञा’ने. हा तज्ज्ञ कोण? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९अ खाली अधिसूचित झालेला परीक्षकच हवा, की कॉम्प्युटर सायन्सचा प्राध्यापक चालेल, की सायबर ठाण्यातला शिपाई? आमच्या कोर्टात तिन्ही पाहिलेत. माझा एक विद्यार्थी सहायक सरकारी वकील आहे. तो दर आठवड्याला विचारतो, ‘मॅडम, भाग ब वर सही कोणाची घेऊ?’ तोवर पंचनाम्यात जुनंच वाक्य चालू आहे: ‘एक काळ्या रंगाचा वापरता मोबाईल, अंदाजे किंमत रुपये पाच हजार.’ मुद्देमालाची किंमत लिहिली, ठसा राहिला.

हा विषय संवेदनशील आहेच, पण त्या पेन्सिलवाल्याला वाटला तसा नाही. एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये जप्त केलेल्या एका लॅपटॉपबद्दल अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एका खासगी न्यायवैद्यक कंपनीने २०२१ मध्ये अहवाल दिला, की त्यातल्या फाइली बाहेरून घुसवलेल्या होत्या. तपास यंत्रणेला ते मान्य नाही. खटला न्यायप्रविष्ट आहे आणि कोण खरं यावर मी इथे एक शब्दही बोलणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. तो अहवाल ओळ-न्-ओळ वाचून त्याची चूक किंवा बरोबर सांगू शकेल असा कायद्याचा शिक्षक महाराष्ट्रातल्या किती विधी महाविद्यालयांत आहे? मी नाही. म्हणूनच शिकायला निघाले होते.

तिसरी तक्रार करारांची, आणि इथे आधी आमच्या घरचं झाकलेलं उघडते. ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ हा प्रकार आमच्याकडे कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दुबईला किंवा मॉरिशसला कोणाचा तरी मेहुणा असतो, तो दहा मिनिटं झूमवर येतो, फ्लेक्सवर त्याचं नाव मोठं. दीड हजार रुपये फी, फाइल, पेन, जेवणात गुलाबजाम, आयएसबीएनवाला जाडजूड ग्रंथ जो पुढे कोणी उघडत नाही, आणि बढतीच्या अर्जाला जोडायला प्रमाणपत्र. आम्हीही अशी एक घेतली आहे. मी स्वतः त्यात निबंध वाचला आहे. लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू.

तर त्या परिषदेला कोणाची परवानगी लागली नाही! ती बिनबोभाट पार पडली. आणि वरच्या पातळीवर तेच जरा चांगल्या कपड्यांत चालतं. सामंजस्य करार होतो, दोन झेंडे, दोन फायली, हस्तांदोलन, वर्तमानपत्रात फोटो. करारात काय लिहिलंय, त्यातून किती शिक्षक गेले, किती आले, काय शिकले, हे कुठेच सापडत नाही. माहितीचा अधिकार वापरून विचारावं लागतं. ‘ग्यान’ नावाची केंद्राची योजना २०१५ पासून आहे. परदेशी प्राध्यापक येऊन आठवडा-दोन आठवडे शिकवतात, त्यांना आठ ते बारा हजार डॉलर मानधन मिळतं. योजना चांगलीच आहे. पण तो आठवडा बहुतेक वेळा आयआयटीच्या किंवा मोठ्या विद्यापीठाच्या फाटकाआत जातो. जून २०२५ मध्ये मुंबईत परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली, नवी मुंबईत शिक्षणनगरी होणार म्हणून. व्हावी. तिच्या फाटकातून हिंगोलीचा हवालदार-विद्यार्थी कसा आत जाईल, एवढं फक्त त्या आराखड्यात दाखवा.

चौथी तक्रार, जिथे खटले चालतात तिथे अभ्यास नाही ही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. दोन-तीन दिवसांत ९४ कोटी गेले, आणि बनावट कार्डांनी पैसे निघाले २८ देशांतल्या एटीएममधून. त्याच वेळी आपल्या कोल्हापुरातूनही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने पुढे आपल्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या कोर्टात २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा झाली. कोणाला? कार्ड घेऊन एटीएमसमोर उभं राहणाऱ्यांना. आखणी करणारे कुठल्या देशात बसलेत, कोणाला ठाऊक. ही केस जगातल्या कुठल्याही वर्गात शिकवण्यासारखी आहे. आमच्या अभ्यासक्रमात ती मी घातली म्हणून आहे.

आणि भाषा. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. माझी निम्मी मुलं पेपर मराठीत लिहितात. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश माझ्या टेबलावर असतो, खूप उपयोगी आहे, पण ‘हॅश’, ‘मेटाडेटा’ (फाइल कधी, कशी बनली ही माहिती), ‘चेन ऑफ कस्टडी’ (पुरावा कोणाकडून कोणाकडे गेला त्याची नोंद) यांना साक्षीदारासमोर उभं राहून काय म्हणायचं हे ज्याचं तो ठरवतो. एका निकालात मी ‘अभिरक्षेची साखळी’ वाचलं. दुसऱ्यात तीच ‘ताब्याची शृंखला’. अपिलात दोन्ही कागद गेले तर वरच्या न्यायाधीशाने काय समजायचं?

पाचवी तक्रार थोडक्यात, कारण तिच्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. २०२४ मध्ये आपल्या राज्याने ‘मार्व्हल’ स्थापन केली, आयआयएम नागपूरच्या साथीने, पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी. त्याआधीच, १६ फेब्रुवारी २०२३ ला, जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने हेसन आणि हाम्बुर्ग या राज्यांच्या पोलिसांना आपोआप माहिती जुळवण्याचे दिलेले अधिकार घटनेत बसत नाहीत असं सांगितलं होतं. युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून केवळ स्वभाव किंवा पार्श्वभूमीच्या आडाख्यावरून माणूस गुन्हा करील असं भाकीत करणाऱ्या प्रणालीला बंदी आहे. त्यांचं सगळं आपल्याला लागू पडेल असं मी म्हणत नाही. पण नागपूर आणि हाम्बुर्ग एका टेबलावर बसले, तर दोघांचाही फायदा आहे. असं टेबल कोणी मांडलंय का?

टेबलं जगात आहेत. १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय दंडविधी संघटना २०१४ मध्ये रिओला माहितीयुगातल्या दंडकायद्यावर बसली, आणि शंभराव्या वर्षी, २०२४ मध्ये, पुन्हा पॅरिसला कृत्रिम बुद्धिमत्ता आणि दंडकायद्यावर. तिथली पद्धत मला फार आवडते. आधी प्रश्नावली निघते, मग देशोदेशीचे शिक्षक आपापल्या देशात काय चालतं त्याचा अहवाल लिहितात, आणि त्यातून ठराव उभे राहतात. अशा अहवालात ‘भाग ब वर सही कोणाची’ हा प्रश्न गेला पाहिजे, आणि तो लिहिणारा माणूस कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहिलेला पाहिजे. बुडापेस्टचा २००१ चा सायबर गुन्ह्यांचा करार आपण स्वीकारला नाही, कारण तो करताना आपल्याला विचारलं नव्हतं. कारण पटण्यासारखं आहे. संयुक्त राष्ट्रांचा नवा करार २४ डिसेंबर २०२४ ला संमत झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईला सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या वाटाघाटींत भारत होता, आणि जगभरच्या विद्यापीठांना निरीक्षक म्हणून बसता येत होतं. ‘आम्हाला विचारलं नाही’ हे वाक्य मग देशाच्या तोंडी शोभतं तेवढंच माझ्या कॉलेजच्याही तोंडी शोभतं, नाही का?

मागण्या फार नाहीत, आणि त्यांतल्या निम्म्यांना पैसाही लागत नाही.

एक. एका पानाचं परिपत्रक काढा. पदवी, श्रेयांक किंवा पैशांची देवाणघेवाण नसलेल्या परदेशी व्याख्यानांना, एकत्र वर्गांना आणि अभिरूप न्यायालयांना पूर्वपरवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं, असं स्पष्ट मराठीत आणि इंग्रजीत. ३.०१ ची अट यांना लागू नाही हे त्यात नावानिशी असू द्या.

दोन. जिथे परवानगी खरोखर लागते तिथे तीस दिवसांची मुदत ठेवा, आणि नकार द्यायचा तर कारणासह. ‘निकषांत बसत नाही’ हे कारण नव्हे. कुठला निकष, कुठलं कलम, ते लिहा.

तीन. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. सरकारी पैशाने होणाऱ्या त्यांच्या प्रत्येक परदेशी सहकार्याच्या उपक्रमात एक तृतीयांश जागा जिल्ह्यांतल्या विधी महाविद्यालयांच्या शिक्षकांना, सरकारी वकिलांना आणि तपास अधिकाऱ्यांना द्या. गोव्यात आणि नागपुरात राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची केंद्रं आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत दर वर्षी एक आठवडा कायद्याच्या शिक्षकांसाठी राखून ठेवा. हॅश फळ्यावर काढून शिकवता येत नाही, मी करून पाहिलंय.

चार. परदेशी तज्ज्ञांची सरकारी खर्चाने झालेली व्याख्यानं मराठी उपशीर्षकांसह खुली करा.

पाच. भाषा संचालनालय, उच्च न्यायालय आणि शिक्षक मिळून डिजिटल पुराव्याच्या शंभर शब्दांची यादी सहा महिन्यांत करा. मी फुकट काम करायला तयार आहे. माझ्याकडे चौतीस शब्द जमलेत.

सहा. झालेला प्रत्येक सामंजस्य करार संकेतस्थळावर टाका, आणि दर वर्षाअखेर त्याखाली एक परिच्छेद: काय झालं. काही झालं नसेल तर ‘काही झालं नाही’ असं लिहा. कोणी फाशी देणार नाही.

सात. पोलिसांसाठी घेतल्या जाणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांची तपासणी स्वतंत्र अभ्यासकांकडून करून घ्या, देशातल्या आणि बाहेरच्याही, आणि अहवाल आम्हाला वाचायला मिळू द्या.

ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर केले. कोर्टाची कपाटं स्कॅन होतील, पडदे लागतील, साक्षी व्हिडिओवर होतील. त्या पडद्यासमोर उभं राहणारी मुलं या क्षणी माझ्या वर्गात बसली आहेत.

जाता जाता त्या दोन प्राध्यापकांबद्दल. गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा निरोप आला, की यंदा जमेल का. एकाने लिहिलंय, की त्याच्या विद्यार्थ्यांना जालन्याची केस वाचायची आहे, आणि पंचनामा म्हणजे काय हे आमच्या हवालदारांकडूनच ऐकायचं आहे. मी होकार कळवला आहे. पहिलं व्याख्यान नव्या सत्राच्या दुसऱ्या बुधवारी सकाळी साडेनऊला, खोली क्रमांक चार. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही, पैसे नाहीत. हे पत्र म्हणजेच त्याची पूर्वसूचना समजावी. कोणाची हरकत असेल तर तिने किंवा त्याने कलम लिहून, तारखेनिशी, सहीनिशी कळवावं.

आपली,
फौजदारी कायद्याची एक शिक्षिका